हाणा, पण टेकू देऊन!

ज्याला सायकलचा क्रँक काढता येत नाही त्याच्या हाती हातोडा देऊ नये, आणि ज्याच्या हाती हातोडा आहे त्याच्या हाती सायकल देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी बँकेत मांडलं तेव्हा आमचे शाखाधिकारी म्हणाले, ''आधी कॅश टॅली करा.'' विचारवंताची उपेक्षा ती हीच!

वडिलांची जुनी काळी सायकल कुरकुरायला लागली. अ‍ॅक्सलला ग्रीस भरायचं, म्हणजे क्रँक काढणं आलं. मिस्त्रीनं नट काढून खिशात टाकला आणि हातोडा उगारला. पहिल्या घावाला पिनेचे आटे गेले, दुसऱ्याला पीन वाकली, तिसऱ्याला शेजारच्या दुकानातलं मूल रडायला लागलं.

''लई जाम आहे, साहेब,'' मिस्त्री म्हणाला. म्हणजे दोष पिनेचा!

आता कॉटर पीन ही काय चीज आहे? एका बाजूनं तिरपी तासलेली बोटाएवढी सळई. ती क्रँकमधून जाते आणि अ‍ॅक्सलच्या खाचेत पाचरीसारखी बसते. क्रँकला धरून ठेवते ती ही पाचर. नट फक्त ती निसटू नये म्हणून. वर्षानुवर्षं गंज चढला की दोघांचा संसार एकजीव होतो. तिथे नुसता हातोडा हाणला की घाव पिनेला कमी आणि अ‍ॅक्सलवरून छर्ऱ्यांना जास्त. छर्रे कपांना खड्डे पाडतात. पीन दोन कटिंग चहाच्या किमतीत मिळते हो, कपांचं काय? मी कॉमर्सचा पदवीधर आहे. नफा-तोटा मला कळतो, निदान दुसऱ्याचा तरी.

खरी रीत अगदी साधी. आदल्या रात्री तेल सोडायचं. नट पुरा काढायचा नाही. पिनेच्या टोकाशी बरोबर येईल इतकाच सैल करायचा, म्हणजे आटे वाचतात. आणि क्रँकखाली जमिनीपर्यंत लोखंडी पाइपचा तुकडा उभा करायचा, असा की पीन त्याच्या पोकळीत उतरेल. मग एकच घाव, पण मनापासूनचा. त्याहून उत्तम म्हणजे पीन दाबून काढणारा कॉटर प्रेस. त्यात आवाजसुद्धा होत नाही. आपल्याकडे तो लोकप्रिय का नाही, याचं कारण बहुधा हेच असावं. आवाज झाल्याशिवाय काम झालं असं आपल्याला वाटतच नाही.

''आमच्या बापजाद्यांनी हातोड्यानंच काढल्या,'' हे मिस्त्रीचं ठेवणीतलं अस्त्र. अहो, माझ्याही वडिलांनी हातोड्यानंच काढल्या! पण त्यांच्याकडे पाइपचा तुकडा होता. वीतभरापेक्षा थोडा लांब, क्रँकच्या उंचीला मोजून कापलेला, एका टोकाला चिंधी गुंडाळलेला. दरवर्षी पावसाळा संपला की तो बाहेर निघायचा आणि मी सायकल धरून उभा राहायचो. एरवी तो दाराच्या कोपऱ्यात पडलेला असे, आणि दर आठवड्याला कोणाच्या तरी पायाला लागे.

वडील गेल्यावर पहिल्या दिवाळीच्या साफसफाईत मीच तो भंगारवाल्याला दिला. वजनावर. आलेल्या पैशांत हिनं कोथिंबिरीची जुडी आणली.

ती जुडीही निम्मी पिवळी निघाली.