देहावरचे राज्य

राजांच्या लढाया आणि तहांच्या तारखा म्हणजेच इतिहास, अशी समजूत आपल्याकडे अजूनही पुष्कळांची आहे. साथींचे रोग, इस्पितळे, लस टोचणी यांचाही इतिहास असतो आणि तो राजकारणाच्या इतिहासाइतकाच बोलका असतो, हे ज्या मोजक्या विद्वानांनी पटवून दिले, त्यांत ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड अर्नोल्ड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

प्रा. अर्नोल्ड यांची वाट सरळ वैद्यकाकडे गेलेली नाही. १९७७ साली त्यांनी तामिळनाडूतील काँग्रेसवर, तर १९८६ साली मद्रास इलाख्यातील पोलिसी सत्तेवर ग्रंथ लिहिला. राज्ययंत्रणा सामान्य माणसाच्या उंबरठ्यापर्यंत कशी पोहोचते, हा प्रश्न तेथेच उभा राहिला होता. १९८७ साली त्यांनी भारतातील प्लेगवर निबंध लिहिला आणि १९९३ साली ‘कोलोनायझिंग द बॉडी’ या ग्रंथात देवी, पटकी व प्लेग यांच्या आधारे परक्या सत्तेने प्रजेच्या देहावर कसा हक्क सांगितला, ते दाखविले. पुढे वॉरिक विद्यापीठात त्यांनी प्राध्यापकपद भूषविले.

या संशोधनाचा मराठी मुलखाशी संबंध अगदी जवळचा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. त्याच वर्षी गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. १८९७ साली साथरोग कायदा आला, पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरे झडली आणि २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. सरकारी कागदांनी या विरोधाला अडाणीपणा म्हटले. परक्या हाताचा स्पर्श, स्त्रियांची तपासणी, रुग्णाची घरापासून ताटातूट यांत लोकांच्या भयाची खरी कारणे होती, हे अर्नोल्ड यांनी त्याच कागदांतून वाचून काढले. तोच कायदा २०२० साली कोरोनाच्या साथीत पुन्हा हाती घेतला गेला, तेव्हा या अभ्यासाचे मोल सर्वांच्या ध्यानी यावयास हवे होते.

गोव्याचे काय? येथे १८४२ साली वैद्यकीय शाळा स्थापन झाली. येथील पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. फातिमा दा सिल्व्हा ग्रासियश यांनी १९९४ साली वसाहतकालीन गोव्याच्या आरोग्याचा इतिहास लिहून वाट घालून दिली. परंतु त्या वाटेने चालणाऱ्याला पोर्तुगीज व मोडी दोन्ही वाचता आली पाहिजेत, आणि वर्षानुवर्षे दप्तरे चाळण्याइतके स्वास्थ्य लाभले पाहिजे. अर्नोल्ड यांच्या पहिल्या ग्रंथापासून या ग्रंथापर्यंत सोळा वर्षे गेली, हे शिष्यवृत्त्यांची मुदत ठरविणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

विद्यापीठाने अशा अभ्यासकांना दीर्घ मुदतीचा आधार द्यावा, शासनाने कागद वाळवीपासून वाचवावेत आणि ज्यांच्या पेटाऱ्यांत जुन्या वैद्यांच्या वह्या असतील त्या कुटुंबांनी त्या पुढे आणाव्यात, असे आम्ही सुचवितो. राज्यकर्त्यांनी आपली बाजू लिहून ठेवलीच आहे. रोग्याची बाजू लिहिणारे आता आपल्यातूनच निघाले पाहिजेत.