चिठ्ठीतला चोर आणि आईची शपथ



मे महिन्यात आमच्या निमगावच्या घरी पुण्याची मुलं येतात. चोविहारामुळे जेवणं सूर्यास्ताआधी आटोपतात आणि मग झोपेपर्यंतचा वेळ संपता संपत नाही. मुलांना बाहेर सोडायची सोय नाही. जुन्नर तालुक्यात बिबट्याचं वेगळं सांगायला नको. अंधार पडला की उसाकडेची अंगणं ओस. म्हणून खेळ घरातच. पूर्वी राजा, प्रधान, शिपाई, चोर अशा चार चिठ्ठ्या असायच्या. शिपायाने चुकीचा माणूस धरला की त्याचे गुण चोराच्या खात्यात! यंदा पुतण्याने 'माफिया' आणला.

मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदॉव यांनी १९८६ च्या सुमारास हा खेळ तयार केला. दोघा-तिघांना सगळं ठाऊक, बाकीच्यांना काहीच नाही. 'रात्री' सगळ्यांनी डोळे मिटायचे, माफियांनी खुणेने एकाला बाद करायचं. 'दिवसा' सगळ्यांनी वाद घालून, मतं देऊन संशयिताला बाहेर काढायचं. मोबाइलवरचा 'अमंग अस' याच जातीचा.

मी आधी नाक मुरडलं. मग बसले आणि चक्क रमले. आमचा पुतण्या यात पटाईत. तो जवळजवळ सगळं खरंच बोलतो, खोटं एकच, आणि तेही लहानसं. एरवी बडबड्या, म्हणून माफिया असला तरी तेवढीच बडबड. कुणावर पहिला आरोप करत नाही, दुसऱ्याने केला की मान डोलावतो. स्वतःवर आळ आला तर लगेच उसळत नाही, "का वाटतं तुला असं?" म्हणून विचारतो. वेळ पडली तर आपल्याच साथीदाराविरुद्ध मत देतो, म्हणजे पुढे कुणी त्याच्यावर संशयच घेत नाही. (माझं उलटं. चिठ्ठी उघडताच कान लाल.)

तिसऱ्या दिवशी माझ्या धाकटीने त्याला विचारलं, "दादा, खरं सांग." तो म्हणाला, "आईशप्पथ, मी नाही." तिने लगेच दुसऱ्याला मत दिलं. शेवटी त्याची चिठ्ठी उघडली तेव्हा ती रडत उठली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तो बिचारा गोंधळला, "काकू, खेळच तर होता!"

मला दोघांचंही पटलं, म्हणून विचार करावा लागला. श्वेतांबर परंपरेतली मल्लिनाथांची पूर्वभवाची कथा आठवली. महाबल आणि त्याचे सहा मित्र एकत्र दीक्षा घेतात आणि सगळ्यांनी सारखंच तप करायचं असं ठरवतात. महाबल मात्र आजाराचं निमित्त सांगून गुपचूप जास्त उपवास करतो. तप केलं, तरी ती माया ठरली. (तिचं फळ म्हणून स्त्रीजन्म, हे मला दरवेळी टोचतं; त्यावर पुन्हा कधीतरी.) मित्रांनी ठरवलेला करार त्याने मोडला, दोष तिथे होता. माफियात करार उलटा आहे. कुणीतरी खोटं बोलणार हे सगळ्यांनी कबूल करूनच चिठ्ठी उचललेली असते. त्या खोट्याला मी मृषावाद म्हणणार नाही.

पण आईची शपथ त्या करारात नव्हती. ती घरातून आली. धाकटीने खेळाडूवर विश्वास ठेवला नव्हता, दादावर ठेवला होता. २०२५ मध्ये करण जोहर यांचा 'द ट्रेटर्स' आला, त्यातही मला हेच खटकलं. पैसे खरे, ओळखी खऱ्या, मग खेळ कुठे संपतो हे कोण ठरवणार?

मुलांना खेळ बंद करा म्हटलं नाही. शपथ नाही, देवाचं नाव नाही, आणि कुणी "खेळाबाहेर विचारतोय" म्हटलं तर खरंच उत्तर किंवा गप्प, एवढं ठरलं. पुतण्याने धाकटीला मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. तिने आधी आइस्क्रीम मागितलं, मग मान हलवली.

सासूबाईंचा असत्य न बोलण्याचा नियम आहे, गमतीतही नाही. त्यामुळे त्या खेळत नव्हत्या. आता त्या सूत्रधार झाल्यात. चिठ्ठ्या वाटतात, सगळ्यांचं गुपित जाणतात आणि "रात्र झाली, डोळे मिटा" एवढंच बोलतात. परवा मी माफिया होते. त्या माझ्याकडे बघून इतक्या हसल्या की पहिल्याच दिवशी मी बाहेर.