वृद्धांच्या खोलीचें अंदाजपत्रक

दिवाळी सरली, कापसाच्या वेचणीचे पैसे हातीं येऊं लागले, म्हणजे आमच्या परभणीच्या मुलखांत पारावर दोनच विषय निघतात. एक लग्नाचा आणि दुसरा घराचा. ‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. परंतु विटांची पहिली खेप दारांत येऊन पडेपर्यंत कागदावर एकही आंकडा न मांडणारे शेतकरीच आम्हांस अधिक आढळतात. त्यांतही एका प्रकारच्या बांधकामाचा हिशेब तर मुळींच मांडला जात नाहीं. तो प्रकार म्हणजे राहत्या घराच्या आवारांत अथवा मळ्यांत म्हाताऱ्या आईबापांसाठीं बांधावयाची स्वतंत्र खोली. तिच्याविषयीं या अंकीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

पेडगांवचेंच उदाहरण घेऊं. हें पेडगांव म्हणजे श्रीगोंदें तालुक्यांतील बहादूरगडाचें पेडगांव नव्हे, तर परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील आपल्या जिल्ह्यांतील पेडगांव. भोंवतीं काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी हीं पिकें. अशा गांवांतून माळवदाचीं मोठीं घरें नांदतीं होतीं तोंवर म्हाताऱ्यांच्या जागेचा प्रश्न कोणी विचारीत नसे. ओसरीवरची खाट ही त्यांची गादीच होती. पुढें माळवदें उतरलीं, भावांच्या वांटण्या झाल्या, ज्यानें त्यानें आपल्या वांट्याच्या खणांवर स्लॅब टाकला. शेत वांटलें, औतें वांटलीं, आणि कित्येक घरीं शेवटीं आईबापही वांटले गेले. सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे अशी पाळी लागली. पाळीच्या दिवशीं आपली वळकटी काखेंत मारून एका दारांतून दुसऱ्या दारांत जाणारा म्हातारा ज्यानें पाहिला असेल, त्यास स्वतंत्र खोलीचें महत्त्व आम्हीं सांगावयास नको.

ही कल्पना परकी नाहीं व आपल्यापुरतीही नाहीं. इंग्लंड व ऑस्ट्रेलिया या देशांत मुख्य घराच्या आवारांत वृद्धांसाठीं बांधलेल्या लहान बिऱ्हाडास ‘ग्रॅनी फ्लॅट’, म्हणजे आजीचें बिऱ्हाड, असेंच म्हणतात. जपानांत वडीलधारीं माणसें किती अंतरावर असावींत याचें एक घरगुती माप सांगतात. तें असें कीं, एका घरांतून नेलेलें सूप दुसऱ्या घरीं पोंचेपर्यंत निवूं नये. आपण सुपाऐवजीं भाकरी म्हणावें, म्हणजे खोली कोठें बांधावी याचें उत्तर मिळतें. चुलीवरची भाकरी ऊन असतांनाच ताटांत पडेल, आणि रात्रीं हांक मारली तर ऐकूं येईल, इतक्या अंतरावर ती असावी.

आतां आमचा मुख्य मुद्दा सांगतों. ही खोली आपल्याकडे उरल्यासुरल्या मालांतून उभी राहते. मोठ्या घराच्या उरलेल्या विटा, जुन्या गोठ्याचे पत्रे, उतरलेलें एक दार. आणि त्यांत भर घालावयास जे चार पैसे हाताशीं असतील ते. म्हणून तिचें अंदाजपत्रक होत नाहीं, आणि अंदाजपत्रक नाहीं म्हणूनच ती स्वस्त वाटते. परंतु दोन पावसाळ्यांत भिंत तडकते, उन्हाळ्यांत पत्र्याखालीं बसवत नाहीं, शौचास अंगण ओलांडून जावें लागतें, आणि एके रात्रीं म्हातारी निसरड्या पायरीवरून घसरून मांडीचें हाड मोडून बसते. त्या एका शस्त्रक्रियेचा खर्च खोलीच्या हिशेबांत धरला, तर स्वस्त खोली महाग कशी पडते तें कळतें. आमच्या मतें या खोलीचा अंदाज छपरापासून खालीं न मांडतां पायापासून वर मांडावा, आणि हाताशीं असलेल्या मालावरून न मांडतां म्हाताऱ्यांच्या दिवसावरून मांडावा.

प्रथम आकार ठरवूं. बारा फूट लांब व बारा फूट रुंद अशी एक खोली, तिला आंतून जोडलेलें पांच फूट गुणिलें सात फुटांचें न्हाणीघर व शौचालय, आणि समोर सहा फुटांची पडवी. सर्व मिळून सुमारें २५० चौरस फूट होतात. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेंत (ग्रामीण) घरकुलासाठीं किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारें २६९ चौरस फूट, क्षेत्र धरलें आहे. तेव्हां आमचें माप फार मोठें नाहीं व फार तोकडेंही नाहीं. त्या योजनेंत सपाट मुलखांतील घरकुलास १ लाख २० हजार रुपये साहाय्य ठरलें होतें. परंतु ती मदत बेघरांसाठीं व कच्च्या घरांत राहणारांसाठीं आहे. ज्याचें स्वतःचें पक्कें घर उभें आहे, त्यानें ती रक्कम आपल्या जमेच्या बाजूस मांडूं नये.

एवढ्या खोलीस नऊ इंची भिंत व दहा फूट उंची धरली, तर दारें-खिडक्या वजा जातां तुटफूट धरून अजमासें ७ हजार विटा लागतात. खोली व न्हाणीघर यांवर साडेचार इंची स्लॅब टाकल्यास त्या स्लॅबापुरतें २० पोतीं सिमेंट आणि दोन क्विंटल लोखंड लागेल. पायाचें, जोडाईचें, गिलाव्याचें सिमेंट याहून निराळें. सिमेंटावरील वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा २८ वरून १८ वर आला आहे, म्हणून जुन्या पावत्यांवरून भाव धरूं नये. मालाचे दर ज्या आठवड्यांत काम सुरू करावयाचें त्याच आठवड्यांत दोन दुकानीं विचारून लिहावे.

रुपयांचा आंकडा गांवोगांव व महिन्यागणिक बदलतो, म्हणून आम्ही येथें वांटणीच तेवढी सुचवितों. ठरविलेल्या रकमेचे १०० भाग करावे. त्यांतले २० पाया व जोत्यासाठीं, २० भिंतींसाठीं, २० छपरासाठीं, १५ गिलावा, फरशी व दारें-खिडक्यांसाठीं, १२ शौचालय, पाणी व सांडपाण्यासाठीं आणि ३ दिवाबत्ती व पंख्यासाठीं ठेवावे. उरलेले १० भाग कशासाठींही न ठेवतां बाजूस काढावे. अडचण ही न बोलावितां येणारी पाहुणी आहे, तिचें ताट आधींच वाढून ठेवलेलें बरें. ही वांटणी पाहून गवंडी हंसेल आणि म्हणेल, ‘एवढ्याशा खोलीला इतका पाया कशाला?’ या प्रश्नाचें उत्तर आमच्या काळ्या जमिनींत आहे.

काळी जमीन पाऊस पितांच फुगते व उन्हाळ्यांत आकसते; शेतांत ज्या भेगांतून पायाची टाच जाते, त्याच भेगा घराखालींही पडतात. मोठें घर आपल्या वजनानें थोडें तरी दाबून बसतें. हलक्या खोलीस जमीन सहज उचलते. म्हणून चर मुरूम लागेपर्यंत खणावा. चार-पांच फुटांवरही मुरूम लागला नाहीं, तर गवंड्याच्या अंदाजावर न विसंबतां अभियंत्याचा सल्ला घ्यावा. अशा जमिनीसाठीं रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें तळाशीं कंदासारखे फुगविलेले काँक्रीटचे खांब घालण्याची रीत विकसित केली आहे. पाया भरतांना खणलेली काळी माती चुकूनही परत भरूं नये. तेथें मुरूम घालून थरांथरांनीं चोपावा. घराभोंवतीं तीन फुटांची फरसबंदी बाहेरच्या बाजूस उतार देऊन करावी, म्हणजे पावसाचें पाणी पायाशीं मुरणार नाहीं.

भिंतींविषयीं एकच गोष्ट सांगतों. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचें ओझें अंगावर येऊन हजारों माणसें झोंपेंतच गेलीं. २१ मार्च २०२४ रोजीं हिंगोलीकडे झालेला धक्का परभणीसही जाणवला. तेव्हां जोत्याच्या पातळीवर आणि दारांच्या वर, सर्व भिंतींतून फिरणारा लोखंडी सळयांचा काँक्रीटचा पट्टा घालणें ही चैन समजूं नये. जुन्या पडक्या वाड्याचे दगड फुकट मिळतात म्हणून मातींत रचलेली खोली तर मुळींच बांधूं नये.

छपराचा वाद नेहमींचा आहे. पत्रा स्वस्त व लवकर होतो हें खरें. परंतु वैशाखांत त्याखालीं जो मनुष्य दिवसभर पडून राहणार आहे तो वांटेकरी नाहीं, बाप आहे. पैसा अगदींच कमी असेल तर पडवीवर पत्रा घालावा व खोलीवर स्लॅब टाकावा; स्लॅबावर दर उन्हाळ्यांत चुन्याची पांढरी सफेती द्यावी.

शौचालयासाठीं आम्हीं १२ भाग धरले आहेत. हेंच कलम कापावयाचा मोह सर्वांत मोठा असतो. दोन शोषखड्ड्यांची रीत उत्तम. एक भरला कीं दुसरा सुरू करावा, आणि पहिल्यांतील मळाचें खत होऊं द्यावें. काळ्या जमिनींत पाणी सावकाश मुरतें, म्हणून खड्ड्यांभोंवतीं वाळूचा किंवा मुरमाचा वेढा द्यावा व ते विहिरीपासून किमान १० मीटर दूर असावे. आंत बसावयाचें भांडें खुर्चीसारखें, बाजूस धरावयास नळीचा दांडा, फरशी खरखरीत, आणि दार तीन फूट रुंद असावें. म्हणजे पुढें चाकाची खुर्ची आली तरी भिंत फोडावी लागणार नाहीं. जोतें दोन फूट उंच केलें तर चाकाच्या खुर्चीस सोयीचा उतार एकास बारा या प्रमाणानें २४ फूट लांब होतो. तेवढें अंगण नसेल तर पांच इंची उथळ पायऱ्या करून दोहों बाजूंस दांडे लावावे. हें सारें बांधतांना केल्यास थोडक्यांत होतें; मागाहून केल्यास दुप्पट पडतें.

काम केव्हां काढावें? आमचे बहुतेक शेतकरी चैत्र-वैशाखांत काढतात. मजूर मोकळे असतात हें त्याचें कारण. परंतु सिमेंटाच्या कामास किमान आठवडा-दोन आठवडे पाणी मारावें लागतें, आणि मराठवाड्याच्या वैशाखांत माणसांस प्यावयास पाणी नसतें तेथें भिंतींस कोण पाजणार? टँकरचें पाणी अंदाजांत कोणीच धरीत नाहीं. त्यापेक्षां विहिरींत पाणी आहे तोंवर, पौष-माघांत पाया व भिंती उरकाव्या, आणि मृगाच्या पुष्कळ आधीं छप्पर पुरें करावें.

आतां पैशांचा उगम. या बाबतींत आम्हांस स्पष्ट बोललें पाहिजे. पीककर्जाचा एक रुपयाही घरांत घालूं नये. वेळेंत फेडलेल्या पीककर्जास व्याजाची जी सवलत मिळते, ती मुदत चुकली कीं जाते; आणि विटांत गुंतलेला पैसा मार्चअखेर परत येत नाहीं. मग बियाण्यासाठीं सावकाराच्या ओट्यावर बसावें लागतें, आणि आईबापांच्या नांवानें बांधलेली खोली घराच्या कर्जाचें मूळ ठरते. एका हंगामांत पैसा पुरत नसेल तर दोन हंगाम घ्यावे. पहिल्या वर्षीं पाया, जोतें व शौचालय, आणि दुसऱ्या वर्षीं भिंती व छप्पर. पाया एक पावसाळा पाहून घेतो, यांत नुकसान कांहींच नाहीं. भाऊ एकाहून अधिक असतील तर प्रत्येकाचा वांटा काम सुरू होण्यापूर्वीं लिहून घ्यावा. आईबापांची पाळी लावणाऱ्यांनीं खर्चाचीही पाळी लावावी.

खोली कोणाची, हाही अंदाजपत्रकांतलाच प्रश्न आहे. शेतजमिनीवर शेतकऱ्यानें कुटुंबाच्या राहण्यासाठीं बांधलेलें घर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या व्याख्येप्रमाणें शेतघरांत मोडतें. गांवठाणांत असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्यें त्याची नोंद करावी. आणि आईबापांनीं मुलांच्या नांवें शेत किंवा घर करून देतांना सांभाळाची अट कागदावर लिहून ठेवावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणें अशी अट मोडल्यास तें हस्तांतर रद्द ठरवून घेतां येतें. प्रेम आहे तेथें कागद कशाला, असें कित्येक म्हणतात; आम्ही म्हणतों, प्रेम आहे तेथें कागदाचें भय कशाला?

शेवटीं एक सूचना करितों. आपल्याकडे बियाण्याच्या पिशवीचा भाव सर्वांस पाठ असतो. परंतु गेल्या वर्षीं शेजाऱ्यानें बांधलेल्या खोलीस खरोखर किती विटा, किती पोतीं व किती मजूर लागले, हें कोणी लिहून ठेवीत नाहीं. म्हणून प्रत्येक जण नव्यानें फसतो. गांवोगांवच्या शेतकरी मंडळांनीं एक खर्चवही ठेवावी, आणि ज्यानें खोली बांधली त्यानें आपला खरा हिशेब, चुकलेल्या कलमांसह, तींत उतरून द्यावा. स्लॅबाच्या सेंट्रिंगच्या फळ्या व पत्रे मंडळानें एकदां घेऊन पाळीपाळीनें वापरावयास द्यावे. पेडगांवासारख्या गांवानें हें आरंभिलें, तर चार-पांच वर्षांत त्या वहीसारखा अचूक अंदाज कोणताही कंत्राटदार देऊं शकणार नाहीं.

ज्यांनीं ही जमीन राखून आपल्या हातीं दिली, त्यांच्या खोलीचा हिशेब आपण निदान बैलांच्या गोठ्याइतक्या काळजीनें करावा, एवढेंच आमचें मागणें आहे. पौष लागण्यापूर्वीं एक कोरा कागद घ्यावा, म्हाताऱ्यांस जवळ बसवून त्यांस काय हवें तें विचारावें, आणि पहिलें कलम पायाचें लिहावें.