पाहणी मनाची, दुखणे व्यवस्थेचे

वैद्यकीय विद्यार्थ्यांना आपले शैक्षणिक वातावरण कसे वाटते, हे मोजण्याचे एक शास्त्रच आता रूढ झाले आहे. स्कॉटलंडमधील डंडी येथे १९९७ साली सिद्ध झालेली ‘ड्रीम’ नावाची पन्नास प्रश्नांची प्रश्नावली त्यासाठी जगभर वापरली जाते. विद्यार्थी थकला आहे काय, हे ती विचारते. तो का थकला, हे विचारत नाही. खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली स्थापन झाले. त्याचे रुग्णालय साऱ्या मराठवाड्यात ‘घाटी’ म्हणूनच ओळखले जाते. जालना, बीड, परभणीपासून थेट बुलढाण्यापर्यंतचा गरीब माणूस, इतर दारे बंद झाली की, घाटीची वाट धरतो. अशा सार्वजनिक रुग्णालयात शिकणाऱ्याचे ‘वातावरण’ म्हणजे व्याख्यानगृहातील फळा नव्हे. रुग्ण किती, अध्यापक किती, परिचारिका किती, औषध भांडारात आहे की नातेवाइकाच्या हाती चिठ्ठी द्यावयाची, हेच ते वातावरण होय.

केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेने सलग काम सामान्यतः बारा तासांहून अधिक नसावे, असे सांगितले. तरीही २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाला आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवावी लागली! त्याच कृती गटाच्या पाहणीत २७.८ टक्के पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक व्याधी असल्याचे नोंदविले. त्यावर समुपदेशन हवे, यात वाद नाही. परंतु रिक्त पदे तशीच ठेवून केवळ योगाचे धडे देणे ही फसवणूक आहे. पद न भरल्याने वाचलेला पैसा शासनाच्या हिशेबात काटकसर म्हणून दिसतो. वस्तुतः तो विद्यार्थ्याच्या झोपेतून आणि रुग्णाच्या जिवातून वसूल केलेला कर असतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. तेव्हा एका खासदाराने अधिष्ठात्यांना शौचालय साफ करावयास लावले. सत्ताधाऱ्यांचे निदान हे असे! रोग अंदाजपत्रकात, शिक्षा मात्र हाताशी सापडेल त्याला. नातेवाइकांचा संतापही अखेर रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरवरच कोसळतो.

पैसा नाही, ही सबब जुनी आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे वचन दिले होते. ते वर्ष उलटले. वचन पुरे झाले नाही. दरम्यान खाजगी महाविद्यालयांचे पेव फुटले. तेथे लाखो रुपये मोजून बाहेर पडणारा तरुण ती रक्कम रुग्णाकडूनच वसूल करू पाहील, हे सांगावयास अर्थशास्त्री नको. भोर समितीने १९४६ साली ज्या सामाजिक वृत्तीच्या डॉक्टरची अपेक्षा केली, तो अशा बाजारात घडेल कसा?

म्हणून कार्यकर्त्यांनी निवासी डॉक्टरांचा संप हा रुग्णांविरुद्धचा संप मानू नये. जानेवारी २०२३ मध्ये या डॉक्टरांनी वसतिगृहे आणि रिक्त पदांसाठी संप केला. त्यांच्या मागण्यांत रुग्णाचेही हित होते. मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हा प्रश्न रुग्ण, परिचारिका आणि विद्यार्थी यांनी एकत्र येऊन विचारला पाहिजे. त्या प्रश्नावलीला उत्तर देण्याची पाळी मात्र शासनाची आहे.