पितृपक्षातला गणपती आणि संक्रांतीचं कुंकू



परमुलखातल्या आपल्या मंडळाच्या ३१ जानेवारीच्या हळदीकुंकवाला यंदा ५८ जणी आल्या. गेल्या वर्षी १२०च्या वर होत्या. त्या दिवशी थंडी कडाक्याची होती, रस्त्यांवर बर्फ होतं, हे खरं. पण आपल्याकडे जानेवारीत बर्फ दर वर्षीच असतं. तिळाचे ३०० लाडू वळले होते, वाणासाठी स्टीलच्या १५० वाट्या भारतातून मागवल्या होत्या. निम्म्याहून जास्त वाट्या अजून खोक्यातच आहेत. लोक का आले नाहीत हे समितीला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे. कुजबुज पुष्कळ झाली, आता जे आहे ते उघड लिहावं असं समितीनं ठरवलं.

यंदाच्या आमंत्रणात दोनच बदल होते. ‘सर्व सुवासिनींना’ याऐवजी ‘सर्व भगिनींना’ असं लिहिलं, आणि खाली एक ओळ घातली: येणाऱ्या प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं जाईल, ज्यांना नको असेल त्यांनी मोकळेपणानं सांगावं. त्यावर १४ पत्रं आली. फोन वेगळे. मंडळानं धर्माच्या गोष्टीत हात घालू नये, असा बहुतेकांचा सूर होता.

हा बदल करावासा वाटला तो गेल्या वर्षीच्या एका प्रसंगामुळे. त्या दिवशी हजर असलेल्यांपैकी अनेकांच्या नजरेतून तो सुटला असेल. शाळेच्या कॅफेटेरियात बायका ओळीनं बसल्या होत्या. बालविभागातली नऊ वर्षांची एक मुलगी परकर-पोलकं घालून करंडा घेऊन फिरत होती. तिला हे काम पहिल्यांदाच मिळालं होतं आणि एकही कपाळ चुकवायचं नाही असा तिनं चंग बांधला होता. ओळीच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी, आपल्या भोजन विभागाच्या काकू लाडवांचं ताट घेऊन उभ्या होत्या. मुलीनं टाचा उंचावून कुंकवाचं बोट त्यांच्या कपाळाकडे नेलं, तोच मागून कुणीतरी तिचं मनगट धरून ओढलं. ‘त्यांना नाही लावायचं.’ काकूच पटकन म्हणाल्या, ‘राहू दे बाळ.’ ताट टेबलावर ठेवून त्या आत भांडी घासायला गेल्या. पोरीला काही कळेना. बोटाचं कुंकू तिनं परकराला पुसलं.

काकू १६ वर्षं या मंडळाचा स्वयंपाक बघतात. काका होते तोवर हळदीकुंकवाला पहिलं बोट त्यांच्या कपाळी लागायचं. काकांना जाऊन चार वर्षं झाली. त्या दिवशी समितीतले आम्ही चौघे तिथेच होतो आणि कुणीही तोंडातून अक्षर काढलं नाही. ती चूक आमची आहे आणि यंदाचा निर्णय त्या चुकीतून आला आहे.

आता पत्रांकडे वळतो. त्यांत ‘शास्त्र’ हा शब्द वारंवार आला आहे. ‘शास्त्रात जे नाही ते मंडळानं सुरू करू नये.’ ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या श्रद्धेबद्दल आम्हाला शंका नाही. त्यांतली दोन-तीन घरं तर मंडळाच्या स्थापनेपासूनची आहेत. पण शास्त्राचा दाखला द्यायचा तर तो सगळ्या बाजूंनी द्यायला हवा.

गणपतीचंच घ्या. निर्णयसिंधु, धर्मसिंधु हे आपल्याकडे प्रमाण मानले जाणारे ग्रंथ. भाद्रपद शुद्ध चतुर्थी, तीही मध्यान्हकाळी असलेली, आणि मातीची मूर्ती, हा गणेशपूजेचा नियम. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, बुधवारी. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली. आपण गणपती बसवला १३ सप्टेंबरला, कारण त्याआधीच्या शनिवारी हॉल मिळत नव्हता. म्हणजे ऐन पितृपक्षात. मूर्ती फायबरची, दर वर्षी स्टोरेज युनिटमधून काढून पुसून घ्यायची. निरांजनाची ज्योत हॉलच्या नियमात बसत नाही म्हणून आरतीला बॅटरीचे दिवे. विसर्जन सुपारीचं, बादलीत. त्या दिवशी ४०० माणसं जेवून गेली, मुलांनी अथर्वशीर्ष म्हटलं, आणि समितीकडे शास्त्राची आठवण करून देणारं एकही पत्र आलं नाही. यावं असंही आमचं म्हणणं नाही. परमुलखात असंच करावं लागतं, आणि त्या आरतीच्या वेळी आपल्यापैकी कितीजणांचे डोळे भरून येतात हे आम्ही पाहिलं आहे.

यंदाच्या हळदीकुंकवाचीही तीच गोष्ट. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करायचं. रथसप्तमी २५ जानेवारीला होऊन गेली, आपण ३१ला केलं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. १४ पत्रांपैकी एकाही पत्रात तारीख नव्हती. होत्या त्या फक्त विधवा बायका.

आणखी एक गोष्ट आपल्या सगळ्यांना लागू आहे. कलियुगात काय करू नये याची एक यादी धर्मशास्त्रात आहे, तिला कलिवर्ज्य म्हणतात. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात तिची सविस्तर चर्चा केली आहे. त्या यादीत विधवेच्या पुनर्विवाहाला मनाई आहे. त्याच यादीत समुद्र ओलांडून गेलेल्या द्विजाला प्रायश्चित्तानंतरसुद्धा पंक्तीत घेऊ नये, असंही आहे. दोन्ही वाक्यं एकाच यादीतली. दुसरं वाक्य आपण सगळ्यांनी विमानतळावर मागे सोडलं. अशा माणसांना काकूंकडे बोट दाखवून पहिल्या वाक्याची भाषा बोलायचा अधिकार कुठून येतो, हा प्रश्न आम्ही गेलं वर्षभर स्वतःला विचारत आहोत. जो नियम आपली नोकरी, आपला शनिवार किंवा आपला हॉल अडवतो तो आपण सोडतो. जो नियम पाळताना आपलं काहीच जात नाही, जे जायचं ते दुसऱ्या कुणाचं जातं, तो मात्र हट्टानं धरून ठेवतो.

समुद्र ओलांडणाऱ्या आपल्यातल्या पहिल्या काहीजणींत आनंदीबाई जोशी होत्या. १८८३ साली निघण्यापूर्वी सेरामपूरच्या सभेत त्यांना जाहीरपणे उत्तर द्यावं लागलं, जातीबाहेर टाकलं तर काय करणार याचं. त्या गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या, आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेत परत पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, त्यांना लेकीसारखं सांभाळणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली. त्यांनी जे सोसलं त्यानंतर आपली वाट सोपी झाली.

‘तिकडे गावाकडे अजून हे चालत नाही, आपण इथे कशाला?’ असंही एका पत्रात आहे. गावाकडची खबर अशी की कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं, बांगड्या फोडणं, हे सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ठराव झाला की घरोघरी लगेच बदल होतो असं नाही, हे आपण जाणतो. पण त्या गावानं ग्रामसभेत बसून हा विषय बोलून दाखवला. आपण इतकी वर्षं तो स्वयंपाकघराच्या दाराआड ठेवला.

‘काकूंनाच ते नको असेल’, हा मुद्दा तिघींनी मांडला आणि तो प्रामाणिक आहे. म्हणून अध्यक्षांनी डिसेंबरमध्ये काकूंना घरी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मला कुंकू लावलं नाही तरी माझं काही अडत नाही. पण त्या पोरीचा हात ओढू नका.’ यंदा ती मुलगी पुन्हा करंडा घेऊन फिरत होती. काकूंसमोर आल्यावर तिनं आधी आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. काकू थोड्या वाकल्या, आणि कुंकू जरा तिरकं लागलं. त्यांनी ते दिवसभर तसंच ठेवलं.

ज्यांना हा निर्णय पटलेला नाही त्यांना मंडळ परकं मानत नाही. आपापल्या घरी कुणाला बोलवावं, कुणाला काय लावावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. जुन्या पिढीतल्या दोन आजींनी आपल्याला कुंकू नको म्हणून सांगितलं, त्यांना फूल आणि तिळगूळ दिला, त्या आनंदानं बसल्या. समितीनं आधी सभासदांना विचारायला हवं होतं, ही तक्रार मात्र आम्हाला मान्य आहे. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेतला आहे. मत देण्यासाठी वर्गणी भरलेली असावी लागते आणि यंदा ३१ जानेवारीपर्यंत निम्म्या घरांचीच वर्गणी आली आहे. पत्रं लिहिणाऱ्या काही घरांचीही बाकी आहे. कृपया लवकर भरावी, सभेला यावं आणि जे म्हणायचं ते समोर म्हणावं.

पाडवा १९ मार्चला, गुरुवारी आहे. आपला कार्यक्रम शनिवारी, २१ मार्चला, दुपारी १२ वाजता त्याच शाळेत. उरलेल्या वाट्या त्या दिवशी वाटल्या जातील, जानेवारीत न आलेल्यांनी आवर्जून न्याव्यात. गुढीसाठी कडुनिंबाचा डहाळा ज्यांच्या घरी कुंडीत असेल त्यांनी सचिवांना कळवावं. हॉलचं भाडं यंदा वाढलं असल्यामुळे येणाऱ्यांची संख्या १४ मार्चपर्यंत हवी.

श्रीखंड काकूच करणार आहेत. चक्का २० किलोचा आहे, एकट्यानं होणारं काम नाही. शुक्रवारी, २० मार्चला संध्याकाळी सहा वाजता त्यांच्या घरी सहा-सात जणांची मदत लागेल. ज्यांच्याकडे पुरणयंत्र असेल त्यांनी ते घेऊन यावं.