विश्लेषण : रोजचं जगणं सावरणारा पगारी ‘मेंटॉर’; ऑस्ट्रेलियातलं हे काम नेमकं काय आणि त्यावरून वाद का?

समजा, मेलबर्नमधल्या एका फ्लॅटमध्ये २६ वर्षांचा एक ऑटिस्टिक तरुण राहतो. सकाळी नऊ वाजता त्याच्याकडे एक माणूस येतो. तो डॉक्टर नाही, नर्स नाही, नातेवाईकही नाही. दोघं मिळून फ्रिज उघडून बघतात, काय संपलंय त्याची यादी करतात आणि ट्रामने दुकानात जातात. बिल द्यायच्या वेळी तरुणाला पैसे मोजायला वेळ लागतो. मागे रांग वाढते, लोक चुळबुळ करू लागतात. सोबतचा माणूस मात्र शांत उभा राहतो. तो पाकीट हातात घेत नाही, ‘दे इकडे, मी देतो’ असं म्हणत नाही.

असं थांबता येणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे आणि त्यासाठी त्याला तासाच्या हिशोबाने पैसे मिळतात.

ऑस्ट्रेलियात या कामाला ‘सपोर्ट वर्कर’ म्हणतात. काम शिकवण्याचं आणि सोबतीचं असेल, तर ‘मेंटॉर’ हा शब्दही वापरला जातो. भारतातून, अगदी महाराष्ट्रातूनही तिथे शिकायला गेलेले अनेक तरुण हे काम करतात. गेल्या काही वर्षांत या व्यवस्थेच्या खर्चावरून आणि सुरक्षिततेवरून तिथे मोठी चर्चा सुरू आहे. ही चर्चा आपल्याकडच्या हजारो घरांत रोज पडणाऱ्या एका प्रश्नाशी जोडलेली आहे : आई-बाबांनंतर काय?

मेंटॉर नेमकं काय करतो?

काम व्यक्तीनुसार बदलतं. कुणाला सकाळी वेळेवर उठून आंघोळ, औषधं आणि नाश्ता या क्रमाची आठवण लागते. कुणाला बसने कामाच्या ठिकाणी एकट्याने जायला शिकायचं असतं. कुणाला बँकेचं ॲप वापरणं, घरमालकाशी बोलणं किंवा डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेणं जमत नाही. गंभीर मानसिक आजारातून सावरणाऱ्या एखाद्याला आठवड्यातून दोनदा घराबाहेर पडण्यासाठी फक्त सोबत हवी असते.

मानसिक आजार असलेल्यांसाठी २०२० मध्ये ‘रिकव्हरी कोच’ ही वेगळी भूमिकाही सुरू झाली. स्वतः अशा आजारातून गेलेली व्यक्तीही हे काम करू शकते आणि तो अनुभव तिथे पात्रता मानला जातो.

या सगळ्यात एक नियम समान आहे. निर्णय ज्याचं आयुष्य आहे त्याचा, मदत मेंटॉरची.

ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात घरोघरी अडचण इथेच येते. मुलगा सारखं खातो म्हणून फ्रिजला कुलूप लावणं आपल्याकडे काळजीचं लक्षण समजलं जाईल. ऑस्ट्रेलियात पगारी कर्मचाऱ्याने असं कुलूप लावलं, तर ते व्यक्तीच्या हक्कांवरचं ‘निर्बंध’ ठरतं. त्यासाठी लेखी योजना आणि परवानगी लागते आणि ते नियामकाला कळवावं लागतं. दार बाहेरून बंद करणं किंवा शांत राहावं म्हणून औषध देणं यांनाही हेच लागू होतं.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेत पोलिओमुळे मानेखाली जवळपास पूर्ण अपंगत्व आलेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकायला आले. त्यांच्यासारख्या विद्यार्थ्यांची मागणी साधी होती. आम्हाला संस्थेत ठेवू नका, आमच्या घरी मदतनीस द्या आणि त्याने काय करायचं ते आम्ही सांगू. यातूनच १९७२ मध्ये बर्कलीत ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभं राहिलं.

त्याच वर्षी रॉबर्ट पर्स्के या अमेरिकी लेखकाने बौद्धिक अपंगत्व असलेल्यांबद्दल एक मुद्दा मांडला. माणसाला सगळ्या धोक्यांपासून वाचवलं, तर त्याची माणूस म्हणून असलेली प्रतिष्ठाही आपण काढून घेतो. चुकीची बस पकडणं, पैसे नको तिथे खर्च करणं, मैत्रीत फसणं या चुका सगळेच करतात आणि त्यातून शिकतात. मग अपंग व्यक्तीलाच ती मुभा का नको?

आज सपोर्ट वर्करच्या प्रशिक्षणात हा विचार शिकवला जातो. पण मुभा आणि दुर्लक्ष यांच्यातली रेष बारीक असते. रस्ता ओलांडायला शिकणाऱ्याच्या चार पावलं मागे चालणं ही मदत आहे. मोबाइल बघत बाकावर बसून राहणं ही कामचुकारी आहे. दुरून दोन्ही सारखंच दिसू शकतं.

पैसे कोण देतं?

ऑस्ट्रेलियाने २०१३ मध्ये ‘नॅशनल डिसॅबिलिटी इन्शुरन्स स्कीम’ म्हणजे एनडीआयएसचा कायदा केला आणि त्याच वर्षी जुलैपासून काही भागांत ती सुरू झाली. कायमस्वरूपी आणि लक्षणीय अपंगत्व असलेल्या, ६५ वर्षांखालच्या व्यक्तीला तिच्या गरजेनुसार वार्षिक निधी मंजूर होतो. त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न बघितलं जात नाही. योजनेसाठी २०१४ मध्ये मेडिकेअरचा कर उत्पन्नाच्या १.५ टक्क्यांवरून २ टक्के करण्यात आला.

निधी संस्थेला न देता व्यक्तीच्या नावावर मंजूर होतो, हा यातला मोठा बदल. कोणाकडून मदत घ्यायची आणि माणूस पटला नाही तर कधी बदलायचा, हे ती व्यक्ती ठरवते. आज ७ लाखांहून अधिक लोक या योजनेत आहेत.

सरकार तासाच्या कमाल दराची मर्यादा ठरवतं. २०२४-२५ मध्ये आठवड्याच्या दिवशी, दिवसाच्या वेळेतल्या साध्या मदतीसाठी ही मर्यादा ताशी सुमारे ६७ ऑस्ट्रेलियन डॉलर होती. हा आकडा बघून अनेकांना हा कर्मचाऱ्याचा पगार वाटतो. तसं नाही. त्यातून संस्थेचा खर्च, विमा, रजा, निवृत्ती निधी, प्रशिक्षण आणि देखरेख हे सगळं भागवून कर्मचाऱ्याचा पगार निघतो.

काम कोण करू शकतं?

सगळ्याच कामांना पदवी लागत नाही. अनेक संस्था ‘सर्टिफिकेट थ्री’ दर्जाचा अभ्यासक्रम, प्रथमोपचार आणि वाहन परवाना मागतात. योजनेत नोंदणीकृत संस्थांमध्ये थेट मदतीचं काम करणाऱ्यांना पार्श्वभूमी तपासणी बंधनकारक आहे. २०२१ पासून त्यासाठी देशभर एकच पद्धत असून मंजुरी साधारण पाच वर्षं चालते.

विद्यार्थ्यांना हे काम सोयीचं वाटतं, कारण वेळा लवचिक असतात. विद्यार्थी व्हिसावर सत्र सुरू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. त्यात सकाळी तीन तास एका घरी आणि संध्याकाळी चार तास दुसऱ्या घरी अशा पाळ्या बसतात. पण हाच विद्यार्थी उद्या अपघातात अपंग झाला, तर त्याला स्वतःला ही योजना मिळणार नाही. त्यासाठी नागरिकत्व, कायमचा निवास किंवा ठरावीक प्रकारचा व्हिसा लागतो.

भारतीय घरांत वाढलेल्यांना इथे एक सवय मोडावी लागते. आपल्याकडे काळजी म्हणजे करून देणं : ताट वाढून देणं, बॅग उचलणं, समोरच्याच्या वतीने बोलणं. मेंटॉरला नेमकं हेच टाळायचं असतं. पाळी संपल्यावर तो जी नोंद लिहितो, तिथे हा फरक दिसतो. ‘जेवण बनवून दिलं’ आणि ‘भाजी त्याने चिरली, गॅस पेटवताना मी शेजारी उभा होतो’ या दोन नोंदी दोन वेगळ्या प्रकारच्या कामाच्या आहेत.

मग वाद कशावरून?

पहिला मुद्दा सुरक्षिततेचा. एप्रिल २०२० मध्ये ॲडलेडमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या ५४ वर्षांच्या एका महिलेचा मृत्यू झाला. ती दीर्घकाळ एकाच खुर्चीत पडून होती. तिच्यासाठी निधी मंजूर होता आणि पगारी मदतनीसही नेमलेली होती. पण ती एकटीच यायची, आणि आत काय चाललंय हे बघणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या मदतनीस महिलेला २०२२ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी तुरुंगवासाची शिक्षा झाली. एकाच माणसाच्या भरवशावर कुणाचं आयुष्य सोडू नये, हा धडा त्या देशाला फार मोठी किंमत देऊन मिळाला.

अपंगांवरील अत्याचार आणि दुर्लक्षाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने सप्टेंबर २०२३ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यात २२२ शिफारशी होत्या.

दुसरा मुद्दा नोंदणीचा. स्वतःचा निधी स्वतः किंवा खासगी व्यवस्थापकामार्फत सांभाळणारे लोक नोंदणी नसलेला मदतनीसही घेऊ शकतात. ॲपवरून, फोटो आणि परिचय बघून माणूस निवडता येतो. यामुळे आपल्या भाषेचा, आपल्या वयाचा, पटणारा मेंटॉर मिळतो आणि अनेक अपंगांना हे स्वातंत्र्य गमवायचं नाही. पण नोंदणी नसेल तिथे नियमित तपासणीही कमी होते. निवासी मदत देणाऱ्या आणि ॲपवरून मदतनीस पुरवणाऱ्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची करण्याची दिशा सरकारने २०२४ मध्ये जाहीर केली, ती याच कारणाने.

तिसरा मुद्दा खर्चाचा. २०११ मध्ये तिथल्या उत्पादकता आयोगाने पूर्ण योजनेचा वार्षिक खर्च १३.६ अब्ज डॉलर येईल असा अंदाज मांडला होता. आता तो ४० अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. खर्चवाढीचा दर २०२६ पर्यंत वर्षाला ८ टक्क्यांवर आणायचं सरकारने २०२३ मध्ये ठरवलं. निधीतून काय घेता येईल आणि काय नाही, याची यादी ऑक्टोबर २०२४ पासून कायद्याने लागू झाली.

या तिन्ही मुद्द्यांच्या मुळाशी एक अवघड गोष्ट आहे. चांगला मेंटॉर स्वतःची गरज हळूहळू कमी करतो. तरुण एकटा ट्रामने जाऊ लागला की मेंटॉरचे तास घटतात, म्हणजे उत्पन्नही घटतं. तासाला पैसे मिळणाऱ्या व्यवस्थेत माणसाला परावलंबी ठेवण्यात कुणाचा तरी फायदा असतो. दुसरीकडे, काही लोकांना आयुष्यभर तेवढीच मदत लागणार असते. ‘प्रगती दिसत नाही’ म्हणून त्यांचे तास कापले, तर घरी बसण्यावाचून त्यांना पर्याय उरत नाही. या दोघांना एकाच मापाने मोजलं, तर एकावर अन्याय होतोच.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी अपंग व्यक्ती आहेत. भारताने २००७ मध्ये अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. समाजात राहण्याचा हक्क त्यात आहे, जास्त मदत लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्वासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमते. काळजीवाहकांच्या प्रशिक्षणाची ‘सहयोगी’ ही योजनाही याच न्यासाची.

म्हणजे कागदावर पाया आहे. मदतनीसाचा पगार व्यक्तीच्या नावाने मंजूर करणारी एनडीआयएससारखी व्यवस्था मात्र नाही. त्यामुळे मुंबई-पुण्यात परवडणारं कुटुंब ब्युरोला फोन करतं आणि १२ तासांच्या ड्युटीवर मावशी किंवा दादा येतात. अनेकदा ते मनापासून करतात. पण त्यांचं काम भरवणं, आंघोळ घालणं आणि लक्ष ठेवणं एवढंच ठरलेलं असतं. तिशीतल्या मुलाला बस पकडायला शिकवण्यासाठी माणूस हवा, असं ब्युरोला सांगितलं तर समोरच्यालाही काय पाठवावं कळत नाही. ज्यांना ब्युरो परवडत नाही, तिथे हे सगळं आई करते, आणि आईनंतर बहीण किंवा वहिनी.

ऑस्ट्रेलियाचं मॉडेल जसंच्या तसं इथे आणणं शक्य नाही. पण तिथल्या अनुभवातून काही गोष्टी पैशांआधीही उचलता येतात. मदतनीस ठेवताना ‘काय करून द्यायचं’ या यादीसोबत ‘काय त्याला करू द्यायचं’ ही यादीही करता येते. घरात येणाऱ्या माणसावर दुसऱ्या कुणाची तरी नियमित नजर ठेवता येते. आणि हा माणूस तुला आवडतो का, हे ज्याच्यासाठी तो येतो त्यालाच विचारता येतं. बोलता येत नसेल, तर तो आल्यावर चेहऱ्यावर काय दिसतं ते बघता येतं.

‘आमच्यानंतर काय?’ हा प्रश्न आई-बाप साठीत विचारू लागतात. तोवर मुलगा पस्तिशीचा झालेला असतो आणि त्याने कधी स्वतः दुधाची पिशवी आणलेली नसते. हा सराव वीस-पंचवीस वर्षं आधी सुरू झाला, तर पुढे कुणावरही अवलंबून राहायची वेळ आली तरी त्याचं निम्मं जगणं त्याच्याच हातात असेल.