जागा एक, लायक दोघे

पावसाळ्याच्या तोंडावर शाळा-महाविद्यालये उघडली की हडपसरच्या मैदानांवर संघनिवडीची धांदल सुरू होते. फलंदाज सहा-सात घेता येतात, गोलंदाज चार-पाच घेता येतात. यष्टिरक्षक मात्र एकच. दोन मुले सारखीच तयार असली तरी एकाला बाहेर बसावे लागते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही अविभाज्य वस्तू होय. तिची वाटणी होत नाही, निवाडाच करावा लागतो. तो कोणत्या कसोटीवर, केव्हा आणि कसा करावा, या प्रश्नाकडे आपल्या क्रीडाव्यवस्थेने म्हणावे तितके लक्ष दिलेले नाही.

हा पेच क्रिकेटपुरता नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये चढाईची सूत्रे हलविणारा क्वार्टरबॅक एका वेळी एकच असतो, आणि उन्हाळी सराव शिबिराच्या आधी त्या जागेवरून तेथे दरवर्षी खल चालतो. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या संघात १९८७ साली आलेल्या स्टीव्ह यंगला ज्यो मोंटॅनामागे चार हंगाम थांबावे लागले. मोंटॅना जायबंदी झाला तेव्हा, १९९१ मध्ये, ती जागा यंगकडे आली.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण आहे ते किरण मोरे आणि चंद्रकांत पंडित यांचे. सय्यद किरमाणी ८८ कसोटी खेळून १९८६ च्या आरंभी संघाबाहेर गेले आणि जागा मोकळी झाली. बडोद्याचे मोरे १९८२-८३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर किरमाणींचे राखीव म्हणून जाऊन आले होते. मुंबईचे पंडित रमाकांत आचरेकरांच्या तालमीत घडलेले. १९८६ च्या उन्हाळ्यात दोघेही इंग्लंडला गेले. मोरे यांनी लॉर्ड्सवर यष्टिरक्षक म्हणून कसोटी पदार्पण केले. पंडित यांनी त्यानंतरच्या लीड्स कसोटीत, पण निव्वळ फलंदाज म्हणून. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात दिलीप वेंगसरकर आजारी पडल्याने वानखेडेवर पंडित खेळले, तेही यष्टीमागे मोरे उभे असतानाच. अखेरीस मोरे यांच्या नावावर ४९ कसोटी लागल्या, पंडितांच्या नावावर ५.

या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे दोघांच्या गुणवत्तेतील अंतर, असे मानणे चुकीचे ठरेल. जागा एकच असते तेव्हा अल्पशा फरकाचेही फळ अवाढव्य होते. पहिल्याला जवळजवळ सर्व मिळते, दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही. पंडितांच्या ठायी क्रिकेटची जाण किती होती, हे पुढे दिसलेच. १९९९ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील मध्य प्रदेशाने बंगळूरला कर्नाटकाविरुद्ध रणजी अंतिम सामना गमावला. २०२२ साली त्याच मैदानावर, त्याच राज्याने, मुंबईला हरवून करंडक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक पंडितच होते. तत्पूर्वी विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली लाभली होती. बाकावर बसलेला माणूस व्यवस्थेने जपला, तर तो किती परतावा देतो, याचा हा पुरावा होय.

परंतु जो पंडितांच्या उंचीला पोहोचलेलाच नाही, त्या शाळकरी मुलाचे काय? महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. शासकीय सेवेत प्राविण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्या शिडीची पहिली पायरी शाळेच्या किंवा तालुक्याच्या संघातच असते. ज्या घरात एका पगारावर पाच माणसे जगतात, तेथे संघातील जागेचे मोल हौसेहून पुष्कळ अधिक आहे. अशी जागा कोणाच्या मर्जीने भरली, हा संशयदेखील मुलाला मैदानापासून कायमचा तोडण्यास पुरेसा होतो.

यावर असे म्हटले जाते की, निवड ही जाणकाराच्या नजरेची बाब आहे. ती नियमांच्या चौकटीत कोंबली तर सामान्य मुलेच पुढे येतील. या म्हणण्यात तथ्य आहे. फिरकीसमोर यष्टीलगत उभे राहण्याचे धैर्य कोणत्याही कोष्टकात मावत नाही. तथापि, नजर वापरणे आणि कारण न सांगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकालाही स्वतःचा विवेक वापरावा लागतो; म्हणून तो गुणपत्रिका लपवीत नाही.

तेव्हा अपेक्षा माफकच आहेत. शिबिर सुरू होण्यापूर्वी कसोट्या जाहीर कराव्यात: झेल किती, फलंदाजी किती, हे मुलांना आधी कळावे. दोघांना सारखेच सराव सामने आणि सारखेच गोलंदाज मिळावेत. निर्णयाचा दिवस ठरलेला असावा. आणि ज्याची निवड झाली नाही त्याला ते फलकावरच्या यादीतून नव्हे, तर प्रशिक्षकाच्या तोंडून, कारणासह, कळावे. पुढल्या हंगामापर्यंत काय सुधारावयाचे हेही त्याच वेळी सांगितले जावे. यासाठी नवे अंदाजपत्रक लागत नाही. एक वही, एक तारीख आणि अप्रिय गोष्ट समोरासमोर सांगण्याची तयारी एवढे पुरे आहे. जागा एकच राहील, पण दुसरा मुलगा उद्याही सरावाला येईल.